पंगतीबाहेरचं तळं

वाक्य तयार होतं.

वी वाँट टू कास्ट अवर नेट्स, टू कॅच द फिश, अँड टू फीड अवर चिल्ड्रन.

जाळी टाकायची, मासे धरायचे, पोरं पोसायची. तिन्ही मागण्या एका साच्यातून काढलेल्या. गोविंदा सकाळपासून ते वाक्य तोंडात घोळवत होता आणि दर वेळी ते त्याला आणखी आवडत होतं.

त्याला इंग्रजी शिकवलं चांद्याच्या जहीर मास्तरांनी. मास्तर सांगत, "मियाँ, एका वाक्यात तीन गोष्टी सांगायच्या तर तिन्ही एका पंगतीत बसवा. एकाला पत्रावळ, दुसऱ्याला पितळी, तिसरा उभ्यानं जेवतोय, असं नको." वर्गात कुणाचं वाक्य वाकडं गेलं की मास्तर खडू खाली ठेवत. "पाहा, एक पाहुणा उभाच राहिला!"

गोविंदा मॅट्रिक झाला. सिंदेवाहीच्या अलीकडच्या ढिवरटोलीत, मासे धरणाऱ्यांच्या त्या वस्तीत, तो एकटाच मॅट्रिक.

मालगुजारी, म्हणजे गावाची जमीनदारी, गेली होती. मालगुजाराचं तळं सरकारजमा झालं होतं आणि आज त्यातल्या मासेमारीच्या हक्काचा लिलाव होता. ब्रह्मपुरीकडचा ठेकेदार तळ्याच्या पाळीवर, बांधावर, छत्री उघडून बसला होता. पण लिलावाआधी सरकारी साहेब टोलीचं ऐकून घेणार होते. साहेब मद्रासकडचे. मराठी येत नव्हती, हिंदी जेमतेम. म्हणून गोविंदा. म्हणून वाक्य.

वाक्यात तीन गोष्टी होत्या. टोलीच्या म्हाताऱ्या पुढाऱ्यानं, इस्तारीनं, सांगितल्या होत्या चार.

चौथी अशी.

मासे धरले की टोपल्या पाण्यात अर्ध्या बुडवून ठेवतात, मासे जिवंत राहावेत म्हणून. जितकी घरं तितके वाटे, आणि वर एक. एक जण पाठ फिरवून उभा राहतो. दुसरा एका टोपलीला काठी लावतो आणि विचारतो, "हा कोनाचा?" पाठमोरा नाव घेतो. कधी केवळरामचं, कधी कुंताचं. कधी तळ्याचं. तळ्याचं नाव निघालं की ती टोपली पाण्यात उलटी. तिच्यात चिंगळ्या असोत की सगळ्यात मोठा मरळ.

गोविंदानं आधी प्रयत्न केला होता. "तळ्याले वाटा देतो, असं सांगतो ना, भाऊ."

"देतो?" इस्तारी खवळला. "तू कोन देनारा बे? तळं आपल्याले देते. त्याचा वाटा थे सोता घेते. घेते म्हन."

"मॅट्रिक झाला तं तळ्याचा मालगुजार झाला का?" इस्तारीची बायको रंभा म्हणाली, आणि बाया खदखदून हसल्या.

आता 'आम्ही द्यायचं' म्हटलं असतं तर ते पंगतीत बसलं असतं. पण 'तळं घेतं' म्हटलं की पहिल्या तिघांत आम्ही आणि चौथ्यात एकदम तळं. पाहुणा उभा. शिवाय साहेब हसतील, ही भीती होतीच. मासे पाण्यात परत टाकणाऱ्यांना तळं कोण देईल? गोविंदानं चौथी गोष्ट गाळली. इस्तारीभाऊला इंग्रजी कुठं येतं, असंही त्याच्या मनात आलं. आलं आणि राहिलं.

वाक्य, साहेबांपुढं बोललेलं:

टू कास्ट. टू कॅच. अँड टू फीड.

साहेबांनी मान वर केली. "व्हेरी वेल पुट," म्हणाले. पेशकाराशी दोन शब्द बोलले. लिलाव टळला. तीन सालांचा पट्टा टोलीच्या नावे. पेशकारानं कागद लिहिला, शाईची डबी उघडली आणि इस्तारीचा हात धरला.

अंगठ्याला शाई लागली. अंगठा कागदावर आला नाही.

"तीनच झाले," इस्तारी म्हणाला.

"काय तीन?"

"तू तीनदा 'टू' म्हनला. एका चालीत म्हनला. मी मोजलं. चौथं कुठी हाय?"

मास्तरांनी शिकवलेली पंगत इतकी सरळ बसली होती की अक्षरही न कळणाऱ्याला पानं मोजता आली.

"भाऊ, तळं भेटलं ना! अंगठा मारा आंधी."

"त्याचं नावच घेतलं नाई, अन् थे भेटलं म्हन्ते!"

"काऊन रे गोविंदा," मागून रंभा, "इंग्रजीत तळं मावत नाई का?"

या खेपेला कोणी हसलं नाही. पाळीवरच्या ठेकेदारानं छत्री मिटली आणि तो उठून उभा राहिला.

"व्हॉट इज ही सेइंग?" साहेबांनी विचारलं.

नथिंग, सर. ही इज ओल्ड, सर. हेही वाक्य तयार होतं, आणि तेही सरळ होतं. गोविंदानं इस्तारीच्या काळ्या अंगठ्याकडे पाहिलं. अंगठा हवेतच होता.

"सर," तो म्हणाला. "अँड... द टँक टेक्स इट्स शेअर."

"टेक्स? हाऊ?"

मग त्यानं सांगितलं. टोपल्या, काठी, पाठमोरा माणूस. वाक्यं अडखळली, काही अर्ध्यावर सुटली. साहेबांनी विचारलं, सर्वांत मोठा वाटा तळ्याच्या नावावर निघाला तर? गोविंदानं इस्तारीला विचारलं. इस्तारी म्हणाला, "तं थो त्याचा."

"देन द बिगेस्ट, सर."

पेशकार साहेबांच्या कानाशी लागला. हे लोक मासे पाण्यात फेकणार तर सरकारचा पैसा कुठून भरणार? ठेकेदार रोख देतो आहे. साहेबांनी पाण्याकडे पाहिलं. मग त्यांनी कागद ओढून घेतला, तीन सालांवर रेघ मारली आणि एक साल केलं. पैसा वेळेवर आला तर पुढचं पाहू, म्हणाले. खाली त्यांनी स्वतःच्या हातानं आणखी काही लिहिलं.

पेशकार गोविंदाला हळूच म्हणाला, "गप राहिला असता तर तीन सालं होती, शहाण्या."

गोविंदा कागदावर वाकला होता. तो साहेबांनी लिहिलेलं वाचत होता. वाक्याचा साचाच मोडला होता: जाळी टाकणं एका तऱ्हेनं, मासे धरणं दुसऱ्या, पोरांचं भलतंच काही, आणि शेवटी तळं. मास्तरांनी खडू खाली ठेवला असता.

"वाच," इस्तारी म्हणाला. "मोठ्यानं."

गोविंदानं वाचलं. इस्तारी डोळे मिटून ऐकत होता, बोटाच्या पेरावर मोजायला गेला, चुकला, पुन्हा मोजायला गेला. शेवटी त्यानं डोळे उघडले.

"मले मोजता नाई आलं. याले चालच नाई." तो गोविंदाकडे वळला. "चार हायत का?"

"हायत, भाऊ."

"तळं हाय?"

"हाय."

"घेते, असंच लिवलं?"

"घेते, असंच."

इस्तारीनं त्याच्याकडे पाहिलं. घटकेपूर्वी यानंच एक गाळलं होतं, आणि आता याच्याच शब्दावर अंगठा द्यायचा होता. पेशकारानं दोनदा डबी वाजवली. अंगठ्यावरची शाई सुकली होती. इस्तारीनं ती पुन्हा लावली.

मग त्यानं अंगठा कागदावर दाबला, बराच वेळ दाबून धरला, आणि उरलेली शाई केसांना पुसली.

"फुडच्या साली," तो म्हणाला, "तुह्याबरोबर अजून एक शिकलेला आनीन."