कोजागिरीत माझी वर्णी

मी एक गाणं बोलतोय. हातात ग्लास असेल तर खाली ठेवू नका, मला त्याची सवय आहे.

माझा जन्म टेक्सासमधल्या हायवेलगतच्या एका बारमधला. एका ट्रक ड्रायव्हरचा ट्रक बंद पडला, मेकॅनिक येईना. तेव्हा त्या पठ्ठ्याने कपाळाला हात लावून बसण्याऐवजी पेपर नॅपकिनवर मला लिहून काढलं. माझ्यात गहन अर्थ शोधू नका. ‘आठवडा संपला, ग्लास उंच करा, बॉसला सोमवारी बघू’, एवढंच माझं म्हणणं. पण गिटार वाजली की अनोळखी माणसंही एकमेकांच्या खांद्यावर हात टाकतात. माझ्या अंगावर बिअर सांडली, शेंगांची टरफलं पडली. मी मजेत होतो.

पुढे टेक्सासमधल्याच फ्रिस्को गावच्या कम्युनिटी सेंटरमध्ये, मंगळवारच्या लाइन डान्सच्या क्लासला मला लावू लागले. सगळ्यांनी रांगेत उभं राहून एकसारखी पावलं टाकायची. जोडीदार लागत नाही.

तिथे नागपूरच्या नंदाकाकू भेटल्या. काका गेल्यावर त्यांच्या मुलाने, अनीशने, त्यांना इकडे आणलं होतं. गाडी चालवता येत नाही, घरात दिवसभर एकट्या. करमेना, म्हणून दिवाळीनंतर कायमचं परत जायचं तिकीटही त्यांनी काढायला लावलं होतं. सुनेने बळेच क्लासला आणून सोडलं, तर बाई भिंतीला टेकून उभ्या! माझ्या दुसऱ्या कडव्याला त्यांचा उजवा पाय हळूच हलला. मी पाहिला.

तीन महिन्यांत काकू इतक्या तयार झाल्या की इथल्या मराठी मंडळाच्या कोजागिरीत माझ्यावर नाचायचं त्यांनी मनावर घेतलं. मंडळाची अध्यक्ष सुलेखा, तिने कार्यक्रमांची यादी पाहिली आणि माझ्यावर काट मारली.

“काकू, ड्रिंकिंग साँग आहे हो हे! स्कूलचा हॉल, समोर मुलं. अलाउड नाही.”

काकूंचा चेहरा एवढासा झाला. मला फार वाईट वाटलं. माझ्याच बदनामीपायी ना हे सगळं!

दारापर्यंत जाऊन काकू परत फिरल्या. “काहून गं? कोजागिरीला आपण पितोच की. सगळ्यांच्या हातात मसाला दूध दे, अन् मग लाव गाणं.”

सुलेखाला हसू आवरेना. “काकू, तुम्ही ना! ओके, डन.” गंगेत घोडं न्हालं.

इथली कोजागिरी चंद्राला विचारून येत नाही. हॉल मिळेल त्या शनिवारी, चार वाजता, लख्ख उन्हात येते. काकू साडीवर काउबॉय बूट घालून स्टेजवर आल्या.

“आजी, यू गॉट धिस!” नात आन्या ओरडली.

पहिलं कडवं काकू एकट्याच नाचल्या. दुसऱ्याला सुलेखा मागे येऊन उभी राहिली, मग आन्या, मग एकेक करत स्टेजच्या खालीसुद्धा रांगा लागल्या. ‘ग्लास उंच करा’ आलं आणि दोनशे हात वर गेले. आयुष्यात पहिल्यांदाच माझ्या अंगावर दूध सांडलं, तेही चारोळ्यांसकट. काय सांगू, भरून पावलो.

काकू धापा टाकत खाली उतरल्या. अनीश पाणी घेऊन धावला. त्याला म्हणाल्या, “ते तिकीट कॅन्सल कर. मंगळवारी माझा क्लास असतो.”

हल्ली मंडळाच्या स्पीकरमध्ये माझा कायमचा मुक्काम आहे. बिअरशी जुनी सोयरीक मी मोडलेली नाही, खोटं कशाला बोलू? फक्त एक विनंती आहे. यादीत कुणावर काट मारण्याआधी, भिंतीला टेकून उभ्या असलेल्या एखाद्या माणसाचा पाय हलतोय का, तेवढं बघत जा.