सहीशिवाय प्रवेश नाही

"आमच्या मास्कवर हत्ती उभा करा," हे वाक्य कारखानदाराच्या जिभेवर कायम तयार असायचं. तो पेंटबॉलचे मास्क बनवायचा. या खेळात एकमेकांवर रंगाच्या गोळ्या झाडतात, आणि गोळी रंगाची असली तरी सुटते ती बंदुकीतूनच. हत्ती अजून कुणी आणला नव्हता, पण प्रयोगशाळेचं प्रमाणपत्र आलं होतं. ते कचेरीत वडिलांच्या फोटोच्याही वर टांगलेलं होतं.

मग एका मैदानावर दातांच्या डॉक्टरने भाड्याने घेतलेल्या त्याच्या मास्कची काच ऐन खेळात तडकली. डोळा वाचला, पण कित्येक दिवस त्या डोळ्याला सगळं धुक्यातून दिसत होतं, आणि दुसऱ्याच्या दाढेत सुई घालणाऱ्याला धुकं परवडत नाही. डॉक्टरने दावा लावला.

कारखानदाराचा वकील म्हणजे त्याचा मेहुणाच.

"दाजी, काळजी सोडा," मेहुणा म्हणाला. "मैदानवाले काचा स्पिरिटने पुसतात. त्याने काच ठिसूळ होते. स्पिरिट वापरू नका, असं आपल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलंय."

"कुठे?" कारखानदाराने कागद उलटापालटा केला. चष्मा लावून पाहिलं, काढून पाहिलं. शेवटी कागद नाकाला टेकवला तेव्हा ती ओळ सापडली.

"छापलंय ना? झालं तर मग."

प्रकरण एका मध्यस्थांपुढे गेलं. ते निवृत्त न्यायाधीश होते आणि आयुष्यभर वकिलांची भाषणं ऐकून त्यांचे कान किटले होते. मेहुण्याने कारखानदाराला तोंड बंद ठेवायला बजावलं होतं, पण ते त्याच्या स्वभावात कुठलं?

"साहेब, आमच्या मास्कवर हत्ती..."

"हत्ती राहू द्या," मध्यस्थ म्हणाले. "त्या मैदानावरचाच एखादा मास्क घालून तुम्ही स्वतः उभे राहाल?"

"आत्ता चला," कारखानदार म्हणून गेला. मेहुण्याने कपाळाला हात लावला.

ठरल्या दिवशी सगळे मैदानावर जमले. कारखानदाराची बायकोही आली होती. नवरा शूर होताना पाहायचा योग रोज रोज येत नाही, असं तिचं म्हणणं. पत्र्याच्या खोलीत खुंट्यांवर मास्क लटकत होते आणि स्पिरिटचा वास नाकात जात होता. व्यवस्थापकाने त्यातला एक मास्क काढला आणि सोबत एक कागद पुढे केला.

"सही लागेल. 'मास्क तपासून घेतला, चांगला आहे, काही झालं तर जबाबदारी माझी,' असं खेळणाऱ्याने लिहून द्यायचं. सहीशिवाय आत कुणालाच सोडत नाही."

कारखानदाराने पेन उघडलं, तोच मेहुण्याने त्याचं मनगट धरलं.

"सही केलीत तर मेलो," तो कानात कुजबुजला. "मैदानवाल्यांनी पुसलेला मास्क चांगला आहे, असं तुम्हीच लिहून देताय. मग दोष उरला कुणाचा? आपला."

खरं सांगायचं तर सकाळपासून कारखानदार सुटकेचं निमित्त शोधत होता. मेहुण्याच्या हाताचा इतका आधार त्याला आजवर कधी वाटला नव्हता.

"वकिलांचा सल्ला आहे," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "नाहीतर मी मागे हटणारा नाही."

डॉक्टर दुखरा डोळा बारीक करून त्याच्याकडे पाहत राहिला. मध्यस्थांनी भुवया उंचावल्या.

"आणा तो कागद इकडे," बायको म्हणाली आणि न वाचताच सही करून मोकळी झाली. "लग्नाच्या कागदावर तरी कुठे वाचून केली होती?"

तिने केस मागे बांधले, मास्क चढवला आणि सरळ रेषेवर जाऊन उभी राहिली. "अगं, थांब," म्हणत कारखानदार पुढे झाला, तोवर व्यवस्थापकाने घोडा दाबला, फट्‌ आवाज आला आणि काचेवर पिवळा डाग पसरला. तिने मास्क काढला. डोळे जिथल्या तिथे होते.

"मला काही झालं नाही," ती म्हणाली. "तुम्हीच का पांढरे पडलात?"

काच टिकली होती. जिंकलो, असं कारखानदाराला वाटलं, पण ते फार वेळ टिकलं नाही.

"एक काच शाबूत राहिली, एवढं दिसलं," डॉक्टरचा वकील शांतपणे म्हणाला. "आणि मालक मागे राहून बायकोला पुढे करतात, हेही दिसलं."

मेहुण्याने उत्तर द्यायला तोंड उघडलं. पण ती बायको म्हणजे त्याचीच सख्खी बहीण. त्याने तडजोडीचा विषय काढला.

तडजोड झाली. डॉक्टरच्या उपचारांचा खर्च कारखानदार आणि मैदानवाले यांनी निम्मा निम्मा उचलायचा, आणि स्पिरिटची ती ओळ मास्कवरच ठळक छापायची.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी कारखानदार कुणाला न सांगता एकटाच मैदानावर गेला. मुकाट सही केली, मास्क चढवला, रेषेवर उभा राहिला आणि "मारा," म्हणून डोळे गच्च मिटले. नेमका तो ऐन वेळी कलला, आणि काचेवर यायची गोळी खांद्यावर फुटून कानामागे रंग उडाला.

"परत मारू?" व्यवस्थापकाने विचारलं.

"नको, पुरे," कारखानदार म्हणाला. तक्रार करायची सोय नव्हती. सही करून बसला होता.

घरी सदरा बदलताना खांद्यावरचा काळानिळा वळ बायकोने पाहिलाच.

"हे काय?"

"कपाटाचं दार लागलं."

तिने मलम आणून हलक्या हाताने चोळलं. मग पदर ओला करून त्याच्या कानामागचा हिरवा रंग पुसत म्हणाली, "कपाटाला रंग कधी दिलात?"