शिपायाने न दिलेली फिर्याद

आमच्या आपिसाको गावात मार्च लागला की मी सरकारी जाकीट चढवते आणि सर्वेक्षणासाठी लोकांची दारं ठोठावते. गेल्या वर्षी तुमच्या बाबतीत काही गुन्हा घडला का, फिर्याद दिलीत का, नसेल तर का नाही, पोलिसांवर विश्वास किती, एवढंच विचारायचं. सहा वर्षं झाली. दोनदा कुत्रं चावलं, दारं तर कितीदा तोंडावर आपटली, मोजली नाहीत. तरी हे काम सोडवत नाही, कारण लोक चौकीत जे सांगत नाहीत ते मला सांगतात. शंभरातल्या नव्वदाहून जास्त गुन्ह्यांची कुठेच नोंद नसते, त्याला आम्ही ‘काळा आकडा’ म्हणतो. एवढं सगळं गिळून हे गाव सकाळी दुकानं उघडतं, पोरांच्या वेण्या घालतं, याचं नवल मला अजून वाटतं.

तीन तारखेला कासिमिरोकाकांच्या घराचा नंबर लागला. घरं संगणक निवडतो, आमच्या हातात काही नसतं. काका म्हणजे निवृत्त बसचालक. दार उघडताच त्यांनी खुर्ची दिली, मक्याच्या पिठाच्या गरम आतोलेचा पेला हातात ठेवला आणि पोलिसांचा उद्धार सुरू केला. चोवीस तासांची ड्युटी संपवून आलेला त्यांचा जावई नाबोर तिथेच घेवडा-भाकरी खात होता, आणि नाबोर शहर पोलिसात शिपाई. काकांचा आवाज चढला होता तो त्यालाच ऐकू जावा म्हणून.

मी काकांना थांबवलं. नियम असा की घरातल्या मोठ्या माणसांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत आधी येतो, त्यानेच उत्तरं द्यायची. त्याच्या जागी दुसरा चालत नाही.

“मग मीच की! माझा उद्याच आहे,” काका म्हणाले.

“उद्या सान कासिमिरोचा दिवस,” तोमासाकाकू चुलीपासून म्हणाल्या. “हे जन्मले ऑक्टोबरात. दरवर्षी नावाच्या संताच्या दिवशी केक कापून कापून स्वतःचा वाढदिवस विसरलेत, ताई.”

आमच्याकडे ही चूक घरोघरी होते, म्हणून मी ओळखपत्रच मागते. काका ऑक्टोबरचे निघाले, काकू ऑगस्टच्या, कारखान्यात गेलेली मुलगी ओतिलिया जूनची. उरला नाबोर, अकरा मार्च.

“वा! म्हणजे चोऱ्या किती झाल्या ते शिपायालाच विचारा,” काका म्हणाले. “सांगा जावईबापू, ड्युटीवर डोळे उघडे असतात ना तुमचे?”

नाबोरने आधी साफ नकार दिला. मी समजावलं की नाव कुठेही जात नाही, तुझ्या साहेबालाही दिसत नाही, कायदाच तसा आहे. त्याने ताट बाजूला सारलं. मग हात धुऊन म्हणाला, गच्चीवर चला.

गच्चीवर कपडे वाळत होते, मागे मालिंचेचा डोंगर अगदी स्वच्छ दिसत होता. रस्त्यात किंवा गाडीत कुणी लुबाडलं का, असं मी विचारायला आणि तो ‘हो’ म्हणायला एकच गाठ पडली. नोव्हेंबरात ड्युटीवरून साध्या कपड्यांत घरी येताना दोघांनी पोटाला सुरा लावून त्याची पिशवी नेली होती. पिशवीत गणवेश आणि बिल्ला होता. तक्रार केली तर गणवेश विकलास असा आळ येतो, चौकशी लागते. त्याच्या दोन सोबत्यांच्या नोकऱ्या अशाच गेल्या होत्या. म्हणून त्याने रविवारच्या बाजारातून तसाच गणवेश आणि बिल्ला विकत घेतला, पट्ट्या स्वतः शिवल्या, आणि चार महिने तोच घालून गस्त घालत होता. ओतिलियालाही पत्ता नव्हता. काळ्या आकड्यात पोलिसही असतील, हे सहा वर्षांत माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

फिर्याद का दिली नाही, त्याच्या कारणांचं कार्ड मी पुढे केलं. वेळ वाया जातो, भीती वाटते, विश्वास नाही. त्याने सगळं वाचून परत दिलं. “यात माझं नाही. इतर लिहा.”

“शहर पोलिसांवर विश्वास किती?”

“स्वतःला धरून सांगायचं?”

“हो.”

“मग थोडा.”

शेवटी त्याने विचारलं, हे कुणाला कळेल? मी सवयीने सांगितलं, कुणालाही नाही. एरवी हे ऐकून माणसं सैलावतात. त्याचा चेहरा पडला.

“कुणालाच नाही? ताई, माझा गणवेश घालून ते कुणाची तरी गाडी अडवतील. पोलिस आहे म्हणून एखादी बाई बिनधास्त काच खाली करेल. मला वाटलं होतं, तुम्हाला सांगितलं की सुटलो.”

“इथे फक्त मोजतात, नाबोर,” मी म्हणाले, आणि मला माझ्या कामाची लाज वाटली.

तो खाली गेला. मी मागोमाग आले तर तो साध्या सदऱ्यात, बाजारचा गणवेश घडी करून काखेत. सासऱ्यासमोर उभं राहून त्याने सगळं चार वाक्यांत सांगितलं आणि म्हणाला, फिर्याद द्यायला चाललोय, नोकरी बहुतेक जाईल. मी टोमण्याची वाट बघत होते. काकांनी ताट पुढे सरकवलं.

“तिथे तासन्‌तास बसवून ठेवतात,” ते म्हणाले. “जेवण अर्धं राहिलंय तुझं. खाऊन जा.”

तो उभ्यानेच चार घास जेवला. एवढ्या वर्षांत शेकडो माणसांची ‘नाही’ लिहिली, पण त्यातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडणारं माणूस पहिल्यांदा बघत होते, आणि तेही घरच्या भाकरीवर पाणी सोडून.

दारात तो थांबला. “आता तरी फिर्याद दिली असं लिहाल ना?”

खोटं बोलवलं नाही. “नाही. तू उत्तर दिलंस तेव्हा दिलेली नव्हती. पुढच्या वर्षी फक्त यंदाचे गुन्हे विचारतील. तुझा हा कायमचा ‘नाही’तच राहणार.”

“राहू दे,” तो म्हणाला आणि कोपऱ्यावरच्या प्रवासी गाडीला हात केला.