सपाट जागेचे मुक्काम

जवळजवळ प्रत्येक मुक्कामाच्या नावापुढे पेन्सिलीची एक आडवी रेघ होती — नखाएवढी, पट्टी लावून मारलेली — आणि चहाचा कप ओठांशी तसाच धरून बेबी त्या रेघांकडे बघत राहिली. पहिला दिवस, बंदराचं गाव, रेघ. दुसरा दिवस, दीपगृहाजवळचं घर, रेघ. तिसरा-चौथा, काळ्या वाळूचा किनारा, रेघ... ताईच्या गोल, सुट्या अक्षरांत बेटावरचा तो अख्खा देश चार कागदांवर उतरला होता. दोघी बहिणींचे चौदा दिवस, भाड्याची गाडी, चालवणार बेबी, दिवसाला ऐंशी किलोमीटरच्या वर नाही, जेवण झाल्यावर तासभर चालवायचं नाही, धुकं असेल तर निघायचंच नाही. एवढ्या दिवसांत लोक तो देश दोनदा पालथा घालतात, असं प्रवास कंपनीतला माणूस म्हणाला होता म्हणे, आणि ताईने त्याचे आभार मानून फोन ठेवून दिला होता.

रेघांचा अर्थ कागदांच्या मागे टाचलेल्या पत्रांत सापडला. ताईने एकेका मुक्कामाला लिहून विचारलं होतं, आणि एकेकाने आपापल्या परीने उत्तर दिलं होतं — होय, आमच्याकडे गाडी लावायची जागा सपाट आहे. होय, अगदी सपाट. एकाने तर फोटोच जोडला होता : अंगण, कुंपण, मधोमध उभं एक कुत्रं, आणि खाली, तुम्ही निर्धास्त या.

बेबीने कप खाली ठेवला. चहावर साय धरली होती.

काल संध्याकाळी ताई हे कागद देऊन गेली तेव्हा म्हणाली होती, सावकाश बघ, चुका काढ. चुका काढणं हे खरं तर ताईचं काम. सदतीस वर्षं तिने छापखान्यात मुद्रितं तपासली — स्वल्पविराम, वेलांट्या, सुटलेले काने — आणि मार्चमध्ये ती निवृत्त झाली तेव्हा मालकांनी भाषणात सांगितलं की हिच्या हाताखालून गेलेलं पान डोळे मिटून छापावं. टाळ्या पडल्या. बेबीही टाळ्या वाजवत होती, आणि तिच्या मनात येत होतं, की ही बाई प्रत्येक ओळ तीनदा का वाचते हे इथे एका माणसाला ठाऊक आहे, आणि तो माणूस पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतो आहे.

कारण ताईला छापखान्यात जायचंच नव्हतं. ताईला खडक हवे होते. कॉलेजात ती भूगर्भशास्त्र शिकत होती, घरभर दगड असायचे, खिडकीत, पुस्तकांवर, एकदा तर तांदळाच्या डब्यात, आणि पदवी झाली की जीप घेऊन डोंगरदऱ्या हिंडायच्या, हे तिचं ठरलेलं. वीस वर्षांची होती. लायसन्स मिळून चार महिने झाले होते...

नऊ वाजता दातांची डॉक्टर आली. बेबीच्या ड्रायव्हिंग स्कूलमधली ही सध्याची सगळ्यात भित्री शिकाऊ. दिवसभर माणसांच्या तोंडात बारीक यंत्रं फिरवणारे हात स्टिअरिंगवर आले की थरथरायला लागत. आज तिला चढाचा धडा होता. पाण्याच्या टाकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मध्येच थांबायचं, हँडब्रेक ओढायचा, आणि गाडी मागे न सोडता पुन्हा उचलायची.

किती ओढायचा, असं डॉक्टरने विचारलं, आणि बेबी नेहमीचं बोलली. हात दुखेपर्यंत. मग गिअरमध्ये टाकायची. मग पुन्हा एकदा ओढून बघायचा. मग उतरायचं. शिकाऊ मंडळी पाठीमागे तिला हँडब्रेक मॅडम म्हणतात हे तिला माहीत होतं. वीस वर्षांत हजारभर माणसं तिच्या हाताखालून गेली असतील, आणि त्यांतली निदान निम्मी आजही उतरण्याआधी तो दांडा दोनदा ओढत असतील. कधीतरी रात्री झोप येईना झाली की ती ही माणसं मोजायची. पण एकीचं देणं कधी फिटायचं नाही.

डॉक्टरने गाडी उचलली. वीतभर मागे सरकली, मग पकडली. डॉक्टर हसली, बेबीने शाबास म्हटलं.

त्या दिवशी गाडी वीतभर नव्हती सरकली.

घर चढावर होतं. ताईने दुपारी बाबांची गाडी आणून दारात लावली, किल्ली खिळ्याला अडकवली आणि जेवायला बसली. सोळा वर्षांच्या बेबीने किल्ली काढली. तिला रेडिओ ऐकायचा होता... नाही, रेडिओ हे तिने नंतर स्वतःलाच सांगितलेलं कारण. तिला गाडी चालवायची होती. बंद गाडी, नुसती बसून. स्टिअरिंग धरायचं, तोंडाने आवाज काढायचा. पण हँडब्रेक ओढलेला असला की ते खरं वाटत नाही, म्हणून तिने तो खाली केला, एक पाय ब्रेकवर, आणि गिअरचा दांडा मागेपुढे हलवला, मध्ये आणून सोडला. मग आईने हाक मारली. तिने हँडब्रेक परत ओढला — कट, कट. दोनदाच वाजला. ताईने ओढला की पाच-सहा वेळा वाजायचा. हे तिच्या तेव्हाही लक्षात आलं होतं. इथेच सगळं आहे. तेव्हाही लक्षात आलं होतं, आणि आईने दुसरी हाक मारली, आणि तिला वाटलं, राहील.

अर्धा तास राहिलीही. मग बाबा फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल घालायला खाली बसले.

बाबा शाळेत खेळाचे मास्तर होते. गाडीखाली सापडलेल्या त्या पायाने ते पुन्हा मैदानावर उतरले नाहीत. शाळेने त्यांना कार्यालयात टेबल दिलं, आणि शिट्टी मात्र शेवटपर्यंत त्यांच्या शर्टाच्या खिशात असायची. पण ते सगळं नंतरचं. त्या दुपारी लोक जमले, बाबांना उचललं, आणि कोणीतरी — शेजारचे काका असतील — विचारलं, गाडी लावली कोणी होती? ताई म्हणाली, मी. खरंच होतं ते. लावली तिनेच होती. बेबी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती, आणि ताईच्या त्या एका अक्षराच्या आड तिने आपलं अक्षर लपवलं. आज सांगू, उद्या सांगू, बाबा घरी आले की सांगू... बाबा घरी आले, आणि तोवर ताईने दगड खोक्यात भरून माळ्यावर टाकले होते. पुढच्या वर्षी तिने छापखान्यात अर्ज केला. बसून करायचं काम, म्हणाली, माझ्यासारखीला तेच बरं.

माझ्यासारखीला.

ताई चार वाजता आली, हातात भाड्याच्या गाडीचा फॉर्म, खांद्याला ती जुनी कापडी पिशवी. बेबीने चुका काढल्या का, असं तिने विचारलं. एकच काढली, बेबी म्हणाली. आठव्या दिवसापुढे रेघ राहिली आहे.

“राहिली नाही,” ताई म्हणाली. “तिथली जागा उताराची आहे. समुद्रापर्यंत उतरत जाते. मुद्दामच घेतलीय.”

मग खुर्चीत नीट बसून तिने सांगितलं ते असं, की तिचं लायसन्स चालू आहे. अडतीस वर्षांत तिने एकदाही गाडी हातात घेतली नव्हती, पण नूतनीकरण एकदाही चुकवलं नव्हतं. का, ते तिलाही सांगता येत नव्हतं. आठव्या दिवशी तिला गाडी चालवायची होती, फार नाही, शेवटचे सहा किलोमीटर, आणि त्या उतारावर ती स्वतःच्या हाताने लावायची होती. रात्रभर उभी राहिली तर राहिली. म्हणून फॉर्ममध्ये दुसरा चालक म्हणून तिचं नाव घालावं, आणि त्याआधी बेबीने तिला शिकवावं.

“आजपासूनच शिकव,” ती म्हणाली. “उद्यावर टाकलं तर माझा धीर सुटेल.”

बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मैदानावर ताई स्टिअरिंगमागे बसली तेव्हा तिने आधी चष्मा पुसला. मग आरसे. मग पुन्हा चष्मा. बेबी शेजारी, शिकवणाऱ्याच्या जागी, पाय ब्रेकवर तयार ठेवून. गाडी निघाली — आणि ताईला येत होतं. अडतीस वर्षं न वापरलेले हात, पण ते विसरले नव्हते. क्लच अलगद सुटला, दुसरा गिअर पडला, मैदानाच्या कडेने गाडी ताशी पंधराच्या वेगाने फिरू लागली, आणि ताईच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बेबीला समोर बघावं लागलं. हे हिचं होतं. हे मी हिच्याकडून...

दुसरी फेरी संपल्यावर ताईने गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला — पाच वेळा वाजला, सहा वेळा — आणि हात तसाच त्यावर ठेवून म्हणाली, बघ गं, लागलाय ना नीट?

आणि बेबीच्या तोंडून ते गेलं. ठरवलं नव्हतं. तिने ज्या ज्या जागा आजवर योजल्या होत्या, आईच्या आजारपणात, बाबा गेले त्या दिवशी, त्या सगळ्या चुकवून ते इथे, मोकळ्या मैदानात बाहेर पडलं.

“ताई, त्या दिवशी तू हँडब्रेक ओढला होतास. पूर्ण ओढला होतास. मला माहितीये.”

ताई तिच्याकडे बघत राहिली. आता फक्त एक वाक्य उरलं होतं, लहानसं, तीन शब्दांचं, आणि ते जिभेवर आलेलंही होतं.

ताई हसली. तिने बेबीच्या गुडघ्यावर थोपटलं.

“आईपण असंच म्हणायची,” ती म्हणाली. “शेवटपर्यंत. तुम्ही सगळे फार चांगले आहात गं. पण मला आता त्याची गरज नाही.”

आणि मग, कधी नव्हे ते, ताई बोलत राहिली. समोर बघत, एका लयीत. त्या वेळी दवाखान्यात बाबांनी तिला एकटीला आत बोलावलं होतं — बेबीला आठवत होतं, बंद दाराबाहेरच्या बाकावर तीच तर बसली होती, आतून काहीच ऐकू येत नव्हतं. ताई आत जाऊन नुसती रडत उभी राहिली होती, आणि बाबा म्हणाले होते, पाय माझा मोडलाय, तू कशाला लंगडतेस?

“त्याआधी बाबा माझ्याशी धड बोलायचेसुद्धा नाहीत. आठवतं ना? तू त्यांची लाडकी. तू धावायचीस, उड्या मारायचीस. मी आपली दगड घेऊन कोपऱ्यात. आणि त्यानंतर एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी आम्ही दोघं फिरायला जायचो.”

बाबांची काठी, आणि शेजारून ताई. कोपऱ्यापर्यंत जायलाच वीस मिनिटं लागायची. त्या चालीत, ताई म्हणाली, सगळं दिसायचं. भिंतींच्या भेगा, कोणाच्या खिडकीत काय ठेवलंय, रस्त्याच्या खडीत कुठला दगड वापरलाय, ते बाबा विचारायचे आणि ती सांगायची. लोकांना वाटतं, ही घाबरते म्हणून इतक्या हळू जाणार. जागा सपाट हव्यात, ती भीती खरीच, ती जायची नाही. पण वेग भीतीचा नव्हता. तो बाबांच्या चालीचा होता. चौदा दिवस त्या चालीने एक देश बघायचा, असं तिने बाबा गेले तेव्हाच ठरवलं होतं.

“त्यांनी मला माफ केलं, बेबी. माझ्याजवळ दुसरं काय आहे सांग? पण ते एक असं आहे, की पुरलं.”

तीन शब्द अजून बेबीच्या जिभेवर होते, पण त्यांची चव बदलली होती. सकाळपर्यंत ते म्हणजे एक देणं होतं, कधीतरी द्यायचं. आता ते उच्चारले तर ताईच्या हातून काय काय जाईल? ती बंद खोली, ते वाक्य, एकोणीस वर्षांच्या संध्याकाळी... बाबांनी माफ केलं ते कशाबद्दल, जर ताईने काही केलंच नव्हतं? म्हणजे गप्प राहणं हीच आता दया. किती सोयीचं. सोळाव्या वर्षीसुद्धा तिच्याजवळ असंच एक चांगलं कारण होतं, दर खेपेला असायचंच, बाबांना त्रास नको, आईचा रक्तदाब, ताईची परीक्षा, आणि आजचं हे त्या सगळ्यांत देखणं. ते खरं आहे की नाही हे कळायला तिच्यापाशी काहीच साधन नव्हतं. दयेचा आणि सोयीचा चेहरा अगदी सारखा होता.

ताईने पुन्हा चावी फिरवली. आणखी एक फेरी मारते, म्हणाली. ऊन उतरलं होतं, कारखान्याच्या फुटक्या काचांवर पिवळा उजेड होता, आणि गाडी पंधराच्या वेगाने भिंतीच्या कडेने जात होती. शेजारी बसलेल्या ताईच्या डोळ्यांभोवती सुरकुत्या होत्या, ओठ किंचित उघडे. ही बाई उद्ध्वस्त नव्हती. बेबीने तिला अडतीस वर्षं उद्ध्वस्त समजून सांभाळलं होतं, सणावाराला साड्या, दुखण्याखुपण्याला हजर, प्रत्येक फोनला लगेच उत्तर, आणि ती तर मजेत होती... नाही, मजेत नाही. पण तिला काही मिळालेलं होतं. दाराच्या आतल्या बाजूला. बेबी बाहेर बाकावर होती.

बाबा बेबीला शेवटपर्यंत लाडाने वागवत आले. ती स्कूल काढते म्हणाली तेव्हा त्यांनी सगळ्या गल्लीला सांगितलं. पण माफ त्यांनी तिला कधीच केलं नव्हतं, कारण त्यांना ते करायला तिने दिलंच नव्हतं, आणि आता कोणी उरलं नव्हतं. त्यांच्या तोंडचं ते वाक्य तिच्यासाठी होतं. तिच्याच लंगडण्याचं. चुकून दुसरीला मिळालं, आणि दुसरीने ते जपून जपून वापरलं, त्यावर आयुष्य काढलं.

तिला ताईचा हेवा वाटत होता. ती हे आधी ओळखू शकली नाही, इतकं ते नवीन होतं. इतकी वर्षं तिचा जीव तुटत आला तो ताईसाठी, निदान ती तसं धरून चालली होती. आज पहिल्यांदा तिचे डोळे भरून येत होते ते स्वतःसाठी, आणि हँडब्रेकच्या त्या दोन आवाजांपेक्षाही तिला आता याचीच जास्त लाज वाटत होती.