शिडीची रात्र

सकाळी सहा वाजता तिने चहा दोन कपांत गाळला आणि नवऱ्याचा कप अर्धाच भरला. पूर्ण भरलेला कप त्याच्या उजव्या हातात हिंदकळत असे. तो आंघोळ करून आला. तिने त्याच्या शर्टाची बटणे लावली. तेवढा वेळ तो खिडकीबाहेर पाहत राहिला. महिनाभर हे असेच चालले होते. पहिल्या दिवशी त्याने बोटांचे आणि मानेचे सांगितले, त्यानंतर त्याविषयी दोघांनीही चकार शब्द काढला नव्हता. मग डबे भरून दोघे कामावर निघाले. तो एका कुस्ती-कंपनीत एकवीस वर्षांपासून मल्ल होता. प्रेक्षक त्याला गरुड म्हणत. ती तिथेच मल्लांचे पोशाख शिवत असे.

शनिवारी ‘शिडीची रात्र’ होती. वर्षातून एकदा होणारा हा कार्यक्रम लोक पैसे भरून घरी टीव्हीवर पाहत. प्रत्येक कुस्ती शिडीवर. वर टांगलेला विजेत्याचा पट्टा जो काढील तो जिंकला. कोण काढणार हे आधीच ठरलेले असे. बारा फुटांवरून पडणे मात्र खरेच पडणे असे.

शिवणखोलीत कार्यक्रमाचा नियोजक आला, तेव्हा तिने विचारले, “भाऊजी, यांना साधी कुस्ती नाही का देता येणार?”

“वहिनी, शिडीच्या रात्री साधी कुस्ती? लोक जीव खातील माझा.” तो स्टुलावर टेकला. “एरवी दोन मल्लांचं भांडण रंगवायला मला तीन महिने लागतात, तरी निम्म्यांना कळत नाही कोण कुणावर का चिडलंय. इथे नुसतं रात्रीचं नाव सांगितलं की पुरे. काय बघायला मिळणार हे माणसाला पक्कं ठाऊक असतं, म्हणून तो पैसे भरतो. आणि खरं सांगू? गरुडाला गरुड केलं ते याच रात्रीने. त्याआधी पहिल्याच कुस्तीत हरून घरी जायचा तो.”

ते खोटे नव्हते.

“पण त्या रात्री शिडीच असणार हे वर्षभर आधी ठरतं,” ती म्हणाली. “तोवर माणसाचं काय होईल, कुणी सांगावं?”

“त्यासाठी सगळ्यांना तपासायला कंपनीच्या डॉक्टरीणबाई आहेत की!” म्हणत तो उठून गेला.

जेवताना तिने नवऱ्याला विचारले, “शिडीची पायरी हाताला कळते का तुमच्या?”

“पायांना कळते. अगं, तुझ्याशी लग्न केलं तेव्हाही डोळे मिटूनच उडी मारली होती.”

ती हसली नाही. “मानेचं डॉक्टरीणबाईंना सांगितलंत?”

“विचारलं तर सांगेन.”

“कशा विचारतील? तुम्ही डावाच हात पुढे करता.”

त्याने चमचा खाली ठेवला. “या रात्रीशिवाय मी कुणीच नाही. तू सांगितलंस, तर मी आयुष्यात तुझ्याशी बोलणार नाही.”

“बरं,” ती म्हणाली आणि डबे धुऊन आली.

डॉक्टरीणबाईंची खोली बोळाच्या टोकाला होती. तिने आत जाऊन दार लोटून घेतले.

“यांच्या उजव्या हाताची तीन बोटं बधिर आहेत. मान वळवली की खांद्यापर्यंत मुंग्या येतात. महिना झाला.”

“तुम्ही आलात हे त्यांना ठाऊक आहे?”

“संध्याकाळी कळेल.”

डॉक्टरीणबाईंनी कागद पुढे ओढला.

चार वाजता बदली मल्ल शिवणखोलीत आला. तिशी ओलांडलेला, संकोचाने दारातच थांबलेला.

“ताई, त्यांच्या जागी मला चढायला सांगितलंय.”

“दोन्ही मुठी आवळून दाखवा,” ती म्हणाली.

त्याने गोंधळून मुठी आवळल्या. तिने त्या दाबून पाहिल्या, उजवी दोनदा. आणि मग मापाची फीत त्याच्या छातीभोवती धरली.