बंद नाक आणि पिकपूलची बाटली

वाइनवालीला सर्दी झाली, आणि तीही नेमकी परीक्षेच्या आठवड्यात. कुठल्या पदार्थाबरोबर कुठली वाइन घ्यावी हे हॉटेलातल्या गिऱ्हाइकांना सांगणं हे तिचं काम. म्हणजे सगळी भाकरी नाकावरच. त्यातून नोकरी कच्ची, तीन महिन्यांच्या बोलीची. आज दुपारी मालक नवी वाइन चाखणार होते, सोबत पदार्थ तिच्या पसंतीचा. जमलं तर नोकरी पक्की. नाहीतर उद्या एक अनुभवी गृहस्थ मुलाखतीला येतच होते.

सर्दीचा तिने कुणाला पत्ता लागू दिला नाही. हॉटेलचं स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या सख्ख्या मावशीलासुद्धा नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! सगळी भिस्त पाठांतरावर होती. बाटली दक्षिण फ्रान्सची, वाइन पांढरी, नाव पिकपूल. लिंबासारखी आंबट, जराशी खारट. म्हणजे तिच्याबरोबर तळलेले छोटे मासे हवेत, वर नुसतं मीठ. आंबट घोट तळणाचा तेलकटपणा धुऊन काढतो. यात चुकण्यासारखं काहीच नव्हतं.

मालक टेबलाशी येऊन बसले. तिने बूच काढलं आणि ऐटीत हुंगलं. वास कसला, डोंबलाचा! तरी तिने जाणकारासारखी मान डोलावली आणि ग्लास भरला.

मालकांनी डोळे मिटून घोट घेतला. "वा! काय सुगंध आहे! बागेत बसल्यासारखं वाटतंय."

तिचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात मावशी माशांची ताटली घेऊन आली, बाटलीपाशी वाकली आणि तिने नाक मुरडलं.

"अगं, हिला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास येतोय की," ती भाचीच्या कानाशी पुटपुटली.

बूच खराब निघालं की वाइनला असाच कोंदट वास लागतो, हे भाचीने झोपेतही सांगितलं असतं. मालकांना मात्र काही कळलं नव्हतं. ते खुशीत होते. आता फक्त तोंड बंद ठेवायचं होतं.

मालकांनी मासा तोंडात टाकला आणि ग्लास पुन्हा उचलला. तिला राहवेना. एवढी चांगली वाइन, आणि तिची ओळख या पुठ्ठ्याने व्हावी? तिने सरळ त्यांच्या हातातून ग्लास काढून घेतला.

"ही बाटली खराब आहे. मला तीन दिवसांपासून सर्दी आहे, काही म्हणजे काही वास येत नाही. मावशीला कळलं, मला नाही."

मालक कानापर्यंत लाल झाले. बागेची आठवण कुणीच काढली नाही.

"दुसरी उघड," ते म्हणाले.

दुसरी बाटली आधी मावशीने हुंगली. "हं, ही बघ! लिंबाची साल."

मालकांनी घोट घेतला, मासा खाल्ला, परत घोट, परत मासा. ताटली साफ होईपर्यंत हेच चाललं. मग त्यांनी तोंड पुसलं.

"त्या उद्याच्या माणसाला येऊ नका म्हणून कळवतो. त्याला सर्दी असती तर त्याने सांगितलं नसतं, आणि मी आपला बागेतच बसून राहिलो असतो."

वाइनवालीचे डोळे भरून आले. मावशीने रिकामी ताटली उचलली आणि तिच्या पाठीवर थाप मारली.

"रडू नकोस गं बाई, नाक आणखी चोंदेल."