फुगा रानावरून गेला तेव्हा

क्लाइव्ह ट्रँटरने शिकारीसाठी पाळतात त्या फेझंट पक्ष्यांची सहाशे पिल्लं दिव्याच्या उबेत सात आठवडे वाढवली होती. रानातल्या जाळीत त्यांना सोडून तीनच दिवस झाले होते. जाळीला वरून छत नव्हतं. पंखांत बळ आलं की त्यांनी आपणहून झाडांवर जाऊन बसावं, हळूहळू रानाचं व्हावं, म्हणून. नोव्हेंबरात रानाच्या मालकाचे पाहुणे त्यांच्यावरच बंदुका रोखणार होते. पण तोवर ती क्लाइव्हची होती.

त्या संध्याकाळी वारा अगदी पडला होता. क्लाइव्ह आणि बायको बेरिल जाळीबाहेर पाण्याची भांडी घासत होती. इतक्यात टेकडीआडून गरम हवेचा भलामोठा लाल फुगा वर आला. टोपलीत आठ-दहा माणसं.

"अय्या, किती छान!" बेरिल म्हणाली.

"छान कसलं डोंबल! खाली उतरतोय तो."

फुग्याची सावली झाडांवर आली तशी पिल्लं जागच्या जागी दबली. वरून सावली आली की ससाणा, एवढं त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. मग डोक्यावर फुगा तापवणाऱ्या जाळाचा भडका घरघरला आणि सगळी उठून एकाच कोपऱ्याकडे सुटली.

"वर जा! वर!" क्लाइव्ह दोन्ही हात हलवत ओरडला.

टोपलीतल्या माणसांनीही हसून हात हलवले.

"तो जाळ बंद करा हो!"

"बंद केला तर तुमच्या झाडांत पडू!" फुगा चालवणारी बाई वरून ओरडली. जाळ पुन्हा घरघरला.

कोपऱ्यात पिल्लांवर पिल्लं चढत होती. ढीग गुडघ्याएवढा झाला. क्लाइव्ह धावत आत शिरला.

"अरे, थांब! तुला बघून जास्तच चेंगरतायत!" बेरिल बाहेरून ओरडली.

ते त्यालाही दिसत होतं. पण खालची गुदमरत होती. तो कवेत मावतील तेवढी उचलून मागे टाकायचा, आणि ती पुन्हा त्याच ढिगाकडे धावायची. उचल, टाक, उचल, टाक. वर फुगा अगदी सावकाश सरकत होता. त्याला तरी कुठली घाई.

तो गेल्यावर ढीग आपोआप विरला. जिवंत होती ती काटेरी झुडपांत शिरली. बाकीची तिथेच राहिली, अजून गरम, अंगावर एक ओरखडा नाही. बेरिल एकेकाच्या छातीवर बोट ठेवून बघत गेली. मग बघायची थांबली.

फुगा पलीकडच्या कुरणात उतरला. थोड्या वेळाने ती बाई कुरणात उतरल्याबद्दल रिवाजाप्रमाणे शेतमालकाला द्यायची शॅम्पेनची बाटली घेऊन हसत आली. जाळीपाशी आली आणि तिचं हसू मावळलं.

"वाराच नव्हता हो," ती म्हणाली. "मला फक्त वर-खाली करता येतं. वळवता येत नाही."

क्लाइव्हला तिच्यावर तोंड सोडायचं होतं. पण बोलणार काय?

"तुमची चूक नाही," तो म्हणाला, आणि हे खरं होतं.

मालकाने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "जाऊ दे रे, क्लाइव्ह. दुसरी मागवू." जुलै संपत आला होता, आता पिल्लं कुठेच मिळणार नव्हती. क्लाइव्ह "बरं" म्हणाला.

सकाळी त्याने गहू पसरला. एकही बाहेर आलं नाही. आत जावं तर पुन्हा बिथरतील. तो फाटकाबाहेर गाडीच्या पायरीवर बसला, कान देऊन. झुडपांत मधूनच काहीतरी हलायचं आणि थांबायचं.

"घरी चल," बेरिल म्हणाली. "इथे बसून काय करणार आहेस?"

"काहीच नाही," तो म्हणाला, आणि बसून राहिला.